गल्ली पुढे जाते का?

शहरांविषयी इंग्रजीत जे शास्त्रीय लेखन प्रसिद्ध होते, त्यात ‘स्ट्रीट कनेक्टिव्हिटी’ हा शब्द वारंवार भेटतो. भाषांतरकाराने त्यास ‘मार्ग-संलग्नता’ असा भारदस्त प्रतिशब्द योजला, तर तो चुकीचा ठरणार नाही. परंतु वाचकाच्या डोळ्यांसमोर त्याने काही उभेही राहणार नाही. वास्तविक ही कल्पना आपल्या भाषेला मुळीच नवी नाही. जेथे चार वाटा मिळतात तो चव्हाटा. जेथे तीन मिळतात त्या जागेला कोकणात तिठा म्हणतात, कोल्हापुरात तिकटी. आणि जी वाट पुढे कोठेच जात नाही ती बंद गल्ली, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. एखाद्या शहरात चव्हाटे किती, तिठे किती आणि बंद गल्ल्या किती, एवढे मोजले की त्या शहराची नाडी हाती लागते. अभ्यासक हीच मोजदाद अधिक काटेकोरपणे करतात. तत्त्व मात्र इतके साधे आहे.

हा विषय नगररचनाकारांचा. संसारी माणसाने त्यात का पडावे, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर घराच्या उंबरठ्यावरच मिळते. मूल शाळेत पायी जाऊ शकेल की त्यास वाहनाने पोहोचवावे लागेल, घरातील वृद्धांना बागेपर्यंत जाणे झेपेल की नाही, भाजी आणण्यासाठी स्कूटर काढावी लागेल का, आजाऱ्याच्या दारापर्यंत रुग्णवाहिका किती वेळात येईल, या सर्व गोष्टी घर किती मोठे आहे यावर अवलंबून नसतात. घरासमोरची गल्ली पुढे कोठे जाऊन मिळते, यावर त्या अवलंबून असतात. घर घेताना आपण खोल्या मोजतो, पाण्याची चौकशी करतो, उजेड पाहतो. गल्लीचे दुसरे टोक पाहण्यास मात्र सहसा कोणी जात नाही.

एक छोटे गणित मांडून पाहू. शहराच्या सीमेवर एका मोठ्या रस्त्यालगत दहा शेतकऱ्यांच्या दहा पट्ट्या शेजारी-शेजारी आहेत, अशी कल्पना करा. प्रत्येक पट्टी ५० मीटर रुंद व २०० मीटर लांब, म्हणजे बरोबर एक हेक्टर. शहर वाढत वाढत तेथे येऊन पोहोचते आणि प्रत्येक मालक आपापल्या पट्टीत घरे बांधू देतो. प्रत्येकाने पट्टीच्या मध्यातून एक गल्ली काढली. ती मोठ्या रस्त्यावरून निघून २०० मीटर आत गेली आणि मागच्या बांधापाशी संपली. आता शेजारच्या दोन पट्ट्यांच्या मागच्या टोकांना दोन मैत्रिणी राहतात. त्यांच्या दारांत अंतर अवघे ५० मीटर. एकीने हाक मारली तर दुसरीस ऐकू जावे. पण भेटण्यासाठी निघाले, तर २०० मीटर चालून मोठ्या रस्त्यावर यायचे, त्यावरून ५० मीटर जायचे आणि पुन्हा २०० मीटर आत शिरायचे. म्हणजे ४५० मीटर, नऊ पट वळसा! आता या दहाही गल्ल्यांची मागची टोके जोडणारी एकच आडवी गल्ली घाला. तिची लांबी ४५० मीटर. रस्त्यांची एकूण लांबी २००० मीटरवरून २४५० मीटर झाली, म्हणजे पावपटीहूनही कमी वाढली. परंतु दहा बंद गल्ल्यांपैकी एकही उरली नाही. मैत्रिणीचे घर नऊ पटींनी जवळ आले आणि प्रत्येक घरास येण्या-जाण्याचे दोन मार्ग मिळाले.

मग ही आडवी गल्ली कोणी घालत का नाही? आडव्या गल्लीची रुंदी नऊ मीटर धरली, तर मधल्या प्रत्येक मालकास सुमारे साडेचार गुंठे जमीन सोडावी लागेल. शेजाऱ्याने आपली जमीन सोडली नाही, तर आपण सोडलेली वाया गेली. प्रत्येकजण आपल्यापुरता शहाणपणाने वागतो आणि सर्वांचे मिळून नुकसान होते. जमिनीच्या मूळच्या वाटण्या नांगराच्या सोयीने झालेल्या असतात. शहर आले म्हणून बांध आपोआप हलत नाहीत. महाराष्ट्रात अशा तुकड्या-तुकड्यांनी झालेल्या वस्त्यांना गुंठेवारी हे नावच पडले आणि त्या नियमित करण्यासाठी २००१ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. कायद्याने घरे नियमित होतात. परंतु नियमित झालेल्या घरांच्या मधून नवी गल्ली काढणे पूर्वीइतकेच अवघड राहते.

आता अशा दहा पट्ट्यांच्या जागी शंभर किंवा हजार पट्ट्या डोळ्यांसमोर आणा. सर्व गल्ल्या एकाच मोठ्या रस्त्यावर येऊन पडतात. शेजारच्या आळीत जाणाराही त्या रस्त्यावर येतो आणि परगावी जाणाराही त्याच रस्त्यावर येतो. रस्ता तुंबतो, म्हणून तो रुंद करतात. रुंद झाला की पायी ओलांडणे धोक्याचे होते. मग पायी जाणाराही वाहन घेतो, आणि वाहने वाढल्यामुळे रस्ता पुन्हा तुंबतो. बस चालवावी, तर ती गल्लीगल्लीत शिरू शकत नाही आणि प्रवाशाला थांब्यापर्यंतची चाल लांब पडते. माणसांना वाहनावाचून गत्यंतर नाही असे झाले, की वस्ती आणखी दूर गेली तरी कोणास फारसे जाणवत नाही. शहराचा पसारा वाढतो तो असा. दूरवर पसरणे आणि आतून तुटलेले असणे, ही एकाच दुखण्याची दोन लक्षणे आहेत.

हे दुखणे वेळीच ओळखण्याचे विशेष कारण असे की, माणसाने निर्माण केलेल्या वस्तूंमध्ये रस्त्याइतकी चिवट वस्तू क्वचितच सापडेल. घर पडते, पुन्हा बांधले जाते. मालक बदलतात, राज्ये बदलतात. रस्त्याची रेघ मात्र तशीच राहते. १६६६ साली लंडनला भयंकर आग लागली व सुमारे १३ हजार घरे भस्मसात झाली. सर ख्रिस्तोफर रेन यांनी काही दिवसांतच सरळ, रुंद रस्त्यांच्या नव्या नगराचा आराखडा राजापुढे ठेवला. शहर जळून मोकळे झालेले होते; अशी संधी पुन्हा कोठून येणार? परंतु राखेखालीही प्रत्येकाची मालकी जिवंत होती. काही रस्ते रुंद झाले, एखाद-दुसरा नवा निघाला. बाकी लंडन बहुतांशी जुन्याच वाटांवर पुन्हा उभे राहिले. आपल्याकडे याची सुखद बाजूही दिसते. सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये जयपूर वसविले, तेव्हा विद्याधर भट्टाचार्य यांच्या साहाय्याने रस्ते आधी आखले गेले आणि मोठे रस्ते जेथे मिळतात तेथे प्रशस्त चौपडी ठेवल्या गेल्या. जयपूरचा व्यवहार आजही त्या चौपडींवरूनच चालतो. जे चांगले आखले तेही टिकते आणि जे वाईट आखले तेही टिकते.

आधी आखणे आणि मागाहून फोडणे यांतील अंतर मुंबईने एकाच पिढीत अनुभवले. १८९६ मध्ये प्लेगची साथ आली आणि कोंदट वस्त्यांची भीषणता सर्वांच्या लक्षात आली. १८९८ मध्ये शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्रावरचा वारा दाट वस्तीत खेळावा म्हणून ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रस्ते जुन्या मुंबईच्या पोटातून काढले. त्यासाठी घरे पाडावी लागली, भरपाई द्यावी लागली आणि कित्येक कुटुंबांना स्थलांतर करावे लागले. त्याच ट्रस्टने उत्तरेस दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर मात्र रस्ते, बागा आणि भूखंड आधी आखले व घरे नंतर येऊ दिली. त्या भागातून ज्यांनी फेरफटका मारला असेल, त्यांना एका चौकातून दुसऱ्या चौकात, एका बागेवरून दुसऱ्या बागेकडे सहज जाता येते हे सांगावयास नकोच. संस्था एक, शहर एक, काळही जवळपास एकच. एका ठिकाणी हातोडा चालवावा लागला, दुसऱ्या ठिकाणी दोरी आणि खुंट्यांवर भागले.

मोकळ्या जमिनीवर जी सोय करावयाची ती कायद्याने कशी करता येईल, याचे उत्तरही त्याच काळात निघाले. १९१५ मध्ये मुंबई इलाख्यासाठी नगररचनेचा कायदा झाला. त्यातील मुख्य कल्पना अशी : एका भागातील सर्व मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र आणावयाच्या, बांध पुसून रस्ते, शाळा, बागा आखावयाच्या, आणि उरलेल्या जमिनीतून प्रत्येकास नवा, नीट आकाराचा, रस्त्याला लागून असलेला भूखंड परत द्यावयाचा. प्रत्येकाची जमीन थोडी कमी होते. पण उरलेल्या जमिनीस वाट मिळते आणि तिचे मोल वाढते. कोणा एकाची सारी जमीन रस्त्यात गेली आणि शेजारी मात्र रस्त्यालगतचा धनी झाला, असा अन्याय होत नाही. वर सांगितलेल्या दहा मालकांची अडचण नेमकी येथे सुटते, कारण साडेचार गुंठे सोडण्याचा प्रश्न एकट्यादुकट्यापुढे न राहता सर्वांपुढे एकाच वेळी येतो.

या पद्धतीस नगररचना योजना म्हणतात. महाराष्ट्रात १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात तिची तरतूद आहे आणि नवी मुंबईच्या विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ क्षेत्रात सिडकोने अशा योजना हाती घेतल्या आहेत. तथापि तिचा सर्वांत सातत्याने उपयोग केला तो गुजरातने. अहमदाबादेभोवतीचा ७६ किलोमीटर लांबीचा सरदार पटेल वर्तुळाकार मार्ग या शतकाच्या आरंभी झाला. त्यासाठी लागणाऱ्या जमिनीचा मोठा भाग अशा योजनांतून मिळविण्यात आला.

या पद्धतीची खरी कसोटी लागली ती भुजला. २६ जानेवारी २००१ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या सकाळी, कच्छमध्ये प्रचंड भूकंप झाला. भुजच्या कोटाच्या आतील जुन्या वस्तीत अरुंद बोळ आणि बंद गल्ल्या पुष्कळ होत्या. घरे दोन्ही बाजूंनी कोसळली आणि गल्लीचे एकुलते एक तोंड ढिगाऱ्याने बुजले. आतील माणसाला बाहेर येता येईना आणि बाहेरील मदत आत जाईना. एरवी जी गल्ली शांत आणि सुरक्षित म्हणून नावाजली जाते, तिला दुसरे तोंड नसणे म्हणजे काय, हे त्या दिवशी कळले. पुढे कोटाच्या आतील पुनर्रचनेसाठी नगररचना योजनाच वापरण्यात आल्या. रस्ते रुंद झाले, बंद गल्ल्या परस्परांना जोडल्या गेल्या. जमिनीची कपात सर्वांवर सारखी लादली नाही. अगदी लहान जागा असलेल्यास तीतून सूट होती आणि जागा जसजशी मोठी, तसतसा वाटा अधिक. ज्याच्याकडे थोडे आहे त्याचे थोडेच जावे, हा नियम घराघरांत पाळला जातो. तो नगररचनेतही पाळता येतो, हे भुजने दाखविले.

बंद गल्लीच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे आणि ते मनमोकळेपणाने ऐकले पाहिजे. परक्या वाहनांची वर्दळ नाही, मुले दारात खेळू शकतात, चोराचिलटाचे भय कमी, शेजार एकमेकांना ओळखतो. अहमदाबादच्या पोळी याच भावनेतून झाल्या. तोंडाशी दरवाजा, आत नातलगांची किंवा एका व्यवसायाची घरे. पण या पोळी लहान होत्या, चालण्याच्या अंतरातल्या होत्या आणि कित्येक पोळींमधून दुसऱ्या पोळीत निघणाऱ्या गुप्त वाटाही होत्या. संकटकाळी सुटका हवी, हे जुन्या रहिवाशांनी ओळखले होते.

अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ रॅडबर्न ही वसाहत १९२९ मध्ये उभी राहिली, तिचीही कथा अशीच आहे. क्लॅरेन्स स्टाइन व हेन्री राइट या रचनाकारांनी मोटारींसाठी बंद गल्ल्या ठेवल्या. परंतु घरांच्या मागून बागेतून जाणाऱ्या पायवाटांचे वेगळे जाळे विणले, जेणेकरून मुलांना शाळेत जाताना मोटारीच्या वाटेवर यावेच लागू नये. पुढे अनुकरण झाले ते बंद गल्लीचे. पायवाटा नकाशावरून गळाल्या. गृहकर्जांना हमी देणाऱ्या तेथील सरकारी यंत्रणेनेही १९३० च्या दशकात वळणदार आणि बंद गल्ल्यांची शिफारस केली आणि हा नमुना देशभर पसरला.

त्याचे फळ काय मिळाले, हे ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि अॅडम मिलार्ड-बॉल या दोन संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तपासले. त्यांनी जवळजवळ शतकभरातील अमेरिकन रस्त्यांची छाननी केली, आणि पद्धत चव्हाटे, तिठे व बंद गल्ल्या मोजण्याचीच होती. त्यांना असे आढळले की, नव्या वस्त्यांतील रस्त्यांची तुटकता विसाव्या शतकात वाढत गेली, १९९४ च्या सुमारास ती शिगेला पोहोचली आणि त्यानंतर उतरू लागली. व्हर्जिनिया राज्याने तर २००९ मध्ये नियमच केला : नव्या वस्तीतील रस्ता शेजारच्या रस्त्यांना जोडलेला नसेल, तर राज्य त्याच्या देखभालीचा भार उचलणार नाही. याच दोघांनी २०२० मध्ये जगभराची पाहणी मांडली. अमेरिका ज्या वाटेवरून मागे वळू लागली, त्याच वाटेवर जगातील अनेक वाढती शहरे आता निघाली आहेत, आणि त्यात आग्नेय आशिया पुढे आहे, असे तीतून दिसते. आपल्या शहरांच्या कडेने कुंपणे घातलेली जी नवी संकुले उठत आहेत, ती पाहता हा इशारा आपल्यालाही लागू आहे.

मग शांतता आणि संलग्नता यांत निवड करावयाची काय? तशी गरज नाही. बार्सिलोना शहराचा चौकोनी विस्तार इल्देफोन्स सेर्दा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आखला. त्या शहराने अलीकडे नऊ-नऊ चौकांचे गट करून आतील रस्त्यांवरून आरपार जाणाऱ्या मोटारींना अटकाव करण्यास प्रारंभ केला. रस्ते बुजविले नाहीत, भिंती घातल्या नाहीत. माणूस आणि सायकल पूर्वीप्रमाणेच आरपार जातात. जोडलेला रस्ता एखाद्या वाहनापुरता अडविणे केव्हाही शक्य असते; तोडलेला रस्ता जोडण्यास मात्र घरे पाडावी लागतात.

वाचकांनी या बाबतीत काय करावे? पहिली गोष्ट फुकटची आहे. एखाद्या रविवारी मुलांना बरोबर घेऊन घराभोवतीच्या सर्व गल्ल्या फिरून या आणि कागदावर चव्हाटा, तिठा व बंद गल्ली यांच्या खुणा मांडा. घर ते शाळा सरळ रेषेत किती आणि पायी किती, हेही मोजा. पायी अंतर दीडपट असेल तर फारशी तक्रार नको. तिप्पट असेल, तर मूल वाहनाने का जाते याचे कारण सापडले.

दुसरी गोष्ट संस्थेच्या सभेत करण्याची. जुन्या वाड्यांच्या मोठ्या दरवाजाला एक दिंडी असे. दरवाजा बंद असला तरी माणूस वाकून तीतून आत-बाहेर करीत असे. आपल्या संकुलाच्या मागच्या भिंतीला अशी एक दिंडी ठेवता येईल का, असा प्रश्न सभेत विचारावा. रात्री तिला कुलूप घालावे, हवा तर पहारेकरी ठेवावा. परंतु दिवसा मागच्या वस्तीतील मुलांनी शाळेस जाण्यासाठी आणि आपल्या वृद्धांनी बागेत जाण्यासाठी ती उघडी असावी.

तिसरी गोष्ट नागरिक म्हणून करण्याची. शहराचा विकास आराखडा मंजूर होण्यापूर्वी लोकांच्या सूचना व हरकती ठरावीक मुदतीत मागविल्या जातात. बहुतेक हरकती ‘माझ्या जागेतून रस्ता नको’ अशाच असतात, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु ‘ही गल्ली पुढे न्या, त्या रस्त्यास मिळवा’ अशी सूचना करणारा अर्जही कोणीतरी दिला पाहिजे. नकाशावर त्या जागी आज कदाचित नुसते शेत असेल. तेथे ज्यांची घरे होणार, ते अद्याप आलेले नाहीत, आणि त्यांच्यातर्फे अर्ज करणारे दुसरे कोणी नाही. नकाशावरील ती दोन बोटांची रेघ आज ओढली गेली नाही, तर उद्या तेथे राहावयास येणारी कुटुंबे, आणि त्यांची नातवंडेही, रोज तो वळसा घालीत राहतील.